बिस्कीट उतरतं, पोळी उतरत नाही : वजनाच्या शस्त्रक्रियेनंतर पुन्हा जेवायला शिकण्याचं एक प्रकरण

हे प्रकरण यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकरी घरातल्या ४४ वर्षांच्या ताईंचं आहे. ओळख पटू नये म्हणून गाव आणि घरातले काही तपशील बदलले आहेत. मी आहारतज्ज्ञ म्हणून तालुक्याच्या ठिकाणी काम करते. शस्त्रक्रिया शहरात होते, पण त्यानंतरचं खाणं गावातल्या चुलीपाशी शिकावं लागतं. त्या शिकण्यात काय काय आडवं येतं आणि त्यातलं काय जिवावर बेतू शकतं, ते या एकाच प्रकरणात बरंचसं दिसलं. म्हणून ते सविस्तर लिहिते आहे.

शस्त्रक्रियेपर्यंत

ताईंची उंची १५२ सेंटिमीटर आणि वजन १०४ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) ४५. सहा वर्षांपासून मधुमेह, दोन्ही गुडघे धरलेले, रात्री झोपेत श्वास अडकायचा. घरी कोरडवाहू शेती, कापूस, सोयाबीन आणि तूर. एप्रिलच्या मध्यावर नागपुरातल्या एका खासगी रुग्णालयात त्यांची स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी झाली. तिसऱ्या दिवशी त्या घरी आल्या.

या शस्त्रक्रियेत जठराचा ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात. उरते ती एक अरुंद, उभी नळी. तिच्यात सुरुवातीला १०० ते १५० मिलिलिटरच मावतं. गॅस्ट्रिक बायपास या वजनाच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेत आतड्याची वाट बदलतात, इथे ती तशीच राहते. भूक जागवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः काढून टाकलेल्या भागातच तयार होतं, त्यामुळे पहिले काही महिने भूकही मंदावते. लोकांना एवढं माहीत असतं. कमी माहीत असलेली गोष्ट ही की, घास आला की सैल पडून त्याला जागा करून देणारा जठराचा वरचा फुगीर भागही गेलेला असतो. उरलेली नळी ताठ असते, पहिल्या आठवड्यांत सुजलेलीही असते. तिच्यात अन्न घाईने उतरलं की आतला दाब वाढतो आणि पुढचा घास अन्ननलिकेतच थांबतो. पुढचं सगळं प्रकरण या एका गोष्टीभोवती फिरतं.

जूनमधली भेट

शस्त्रक्रियेनंतर नऊ आठवड्यांनी ताई माझ्याकडे आल्या. सोबत त्यांचे यजमान, सासूबाई आणि अकरावीतली मुलगी. वजन ८५ किलोवर आलं होतं आणि घरचे त्यावर खूश होते. तक्रार उलटीची होती.

“पोयी गयाखाले उतरतच नाई मॅडम,” ताई म्हणाल्या. “दोन घास खाल्ले का छातीत दाटते, मंग तोंडाले फेस येते. थो फेस थुकला का जराक मोकयं वाटते.”

दिवसातून चार-पाच वेळा असं होत होतं, तीन आठवड्यांपासून. उलटी आंबट असते का, कडू-पिवळी असते का, हे मी मुद्दाम विचारलं. तशी नव्हती; तार धरणारी, बेचव लाळ, कधी त्यात न बदललेला घास. म्हणजे अन्न जठरापर्यंत पोचतच नव्हतं. अन्ननलिकेच्या तळाशी घास अडकला की शरीर तो पुढे ढकलायला लाळ सोडत राहतं, तिचा फेस होतो आणि तो वर येतो. घरचे याला उलटी म्हणतात आणि डॉक्टरही कागदावर उलटीच लिहितात. पण आंबट की बेचव, एवढा एक प्रश्न विचारला तर कारण कुठे शोधायचं याचा अंदाज येतो.

मग मी उलट बाजूने विचारलं, उतरतं काय? चहा उतरत होता. चहात बुडवलेली ग्लुकोज बिस्किटं, मुरमुऱ्याचा चिवडा, खारी, बर्फाची कांडी, साखर घातलेलं लिंबूपाणी, हे सगळं न अडकता जात होतं. “काई तं पोटात जाऊन रायलं ना,” असं सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या जागी कुणीही हेच म्हणालं असतं. सून दिवसभर ओकते आणि बिस्कीट मात्र ठरतं, तर घरातलं माणूस बिस्कीटच पुढे करणार.

धोका इथेच होता. बिस्कीट आणि खारी लाळेत विरघळून पातळ होतात आणि नळीतून वाहून जातात. दाटत नाही, पोटही भरत नाही, पण तासाभराने पुन्हा हवंसं वाटतं. दिवसभराचं खाणं लिहून काढलं तेव्हा प्रथिनं वीस ग्रॅमच्या आत भरली. या शस्त्रक्रियेनंतर दिवसाला किमान ६० ग्रॅम लागतात. वजन उतरत होतं ते चरबीसोबत स्नायूंचंही, आणि काट्यावर या दोन्हींत फरक दिसत नाही.

शिकवण्याच्या आधी

बोलता बोलता मुलीने सांगितलं की आई रात्री उठली की भिंतीला हात लावून चालते. ताईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, तळपायाची आग होते, मुंग्या येतात, आठवडा झाला. अशक्तपणासाठी गावात दोनदा ग्लुकोजची बाटलीही चढवून झाली होती.

हे ऐकल्यावर आहाराचं बोलणं मी तिथेच थांबवलं.

थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, शरीरात फार साठत नाही. खाणं बंद पडलं किंवा उलट्या चालू राहिल्या तर दोन-तीन आठवड्यांत साठा संपतो. साखरेचं ज्वलन करायला थायमिन लागतं. साठा संपलेल्या माणसाला थेट ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलं थायमिन त्या कामी लागतं आणि मेंदूला इजा होऊ शकते. डोळ्यांची हालचाल बिघडते, एकाचे दोन दिसतात, तोल जातो, माणूस भ्रमिष्टासारखं वागतो. याला वर्निके एन्सेफॅलोपथी म्हणतात. वेळीच थायमिन मिळालं नाही तर स्मृतीचं कायमचं नुकसान होतं. म्हणून वजनाची शस्त्रक्रिया झालेल्या आणि ओकणाऱ्या माणसाला आधी थायमिन आणि मगच ग्लुकोज, हा क्रम मोडायचा नसतो. आपल्या भागात हातपाय गळाले की पहिली मागणी सलाईनची होते. बाटली लावणाऱ्याला शस्त्रक्रियेचं सांगितलेलंच नसतं, कारण पोटावरची भोकं भरून आलेली असतात आणि घरच्यांच्या लेखी ऑपरेशन कधीच संपलेलं असतं. रुग्णालयाने घरी सोडताना गावच्या डॉक्टरांच्या नावाने चार ओळींचं पत्र द्यावं आणि त्यात ही एक ओळ ठळक लिहावी, असं मला मनापासून वाटतं.

ताईंना त्याच दिवशी जिल्ह्याच्या ठिकाणी फिजिशियनकडे पाठवलं. थायमिनची इंजेक्शनं आधी सुरू झाली, द्रव नंतर. पोटॅशियम कमी होतं, ते भरून काढलं. डोळ्यांची हालचाल आणि स्मरण ठीक होतं, म्हणजे वेळ गेलेली नव्हती. तोल चार-पाच दिवसांत सावरला. तळपायांची आग मात्र जायला दोनेक महिने लागले.

दुसरी शंका नळी अरुंद झाल्याची होती. स्लीव्हनंतर जठर जिथे वळण घेतं तिथे कधी कधी ते आखडतं. तसं झालं असेल तर कितीही हळू खा, कितीही चावा, उपयोग नसतो. दुर्बिणीतून फुगा घालून वाट रुंद करावी लागते. एंडोस्कोपी झाली. वाट मोकळी होती, अस्तर मात्र लालभडक सुजलेलं. त्याचं कारण गोळ्यांच्या पिशवीत सापडलं. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफेनॅकच्या गोळ्या ताई जवळजवळ रोज, तेही रिकाम्या पोटी घेत होत्या. त्याच पिशवीत मधुमेहाची जुनी ग्लिमेपिराइडची गोळी होती. शस्त्रक्रियेनंतर ती बंद करायला सांगितलं होतं, पण ‘शुगरची गोळी सोडू नये’ या भीतीने ती चालूच राहिली. सकाळची साखर ६८ आली, म्हणजे कमी. दोन्ही गोळ्या फिजिशियननी थांबवल्या, आम्ल कमी करणारी गोळी सुरू केली, गुडघ्यांसाठी पॅरासिटामॉल दिलं. हिमोग्लोबिन ९.४ आणि अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन ३.१, दोन्ही कमी; बी-१२ कमी, ड जीवनसत्त्व कमी. चघळायच्या मल्टिव्हिटॅमिनची पहिली डबी संपल्यावर दुसरी आलीच नव्हती, कारण तालुक्याच्या मेडिकलमध्ये ती मिळत नव्हती.

वाट मोकळी आहे हे नक्की झाल्यावरच खाणं शिकण्याला अर्थ आला.

सगळ्यांच्या आधी जेवणं

रुग्णालयाने दिलेला आहाराचा तक्ता चांगला होता. दोन आठवडे द्रव, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, आणि साधारण दोन महिन्यांनी ‘नियमित आहार’. घरच्यांनी ‘नियमित’ म्हणजे नेहमीचं ताट असं वाचलं. आठव्या आठवड्यात गावात लग्न होतं. पंगतीत पोळी आणि वांग्याची रस्सेदार भाजी वाढली, आणि त्या रात्रीपासून ओकणं वाढलं. तक्त्यातले पदार्थही या घरातले नव्हते. ग्रीक योगर्ट, ओट्स, पनीर, व्हॅनिलाच्या वासाची प्रोटीन पावडर. पावडरचा वासच त्यांना सहन होईना. शस्त्रक्रियेनंतर वास आणि चव बदलते. आवडीचा पदार्थ नकोसा होणं यात वावगं काहीच नाही.

पण पदार्थांपेक्षा मोठा प्रश्न वेगळा होता. ताई जेवतात कशा, हे मी मुलीकडून समजून घेतलं. रात्री आधी सासरे आणि यजमान, मग मुलं, मग सासूबाई, आणि नऊच्या पुढे ताई. तोवर पोळी गार आणि वातड झालेली. भांडी पडलेली असतात म्हणून पाच-सात मिनिटांत जेवण उरकायचं, आणि वरून गडवाभर पाणी. घाईचा घास, मोठा घास, कोरडा घास आणि त्यावर पाणी. यातलं एकही ताठ नळीला अडवायला पुरेसं आहे. इथे चारही एका ताटात होते, आणि पंचवीस वर्षांची सवय म्हणून कुणाच्या लक्षातही येत नव्हते.

म्हणून पहिला बदल पदार्थाचा केला नाही. ताईंनी संध्याकाळी सात वाजता, सगळ्यांच्या आधी, बसून, एकट्यांनी जेवायचं असं ठरवलं. हे सांगताना खोलीत शांतता पसरली. यजमानांची हरकत नव्हती. अडचण ताईंचीच होती. “आत्याबाई उपाशी, अन् मी त्यायच्या आधी जेवू? घास उतरन का मले?” असं त्या म्हणाल्या, आणि त्यात तक्रार नव्हती, खरोखरचा संकोच होता. तोडगा सासूबाईंनी काढला. त्या स्वतः सातला ताईंसोबत वाटीभर कण्या घेऊन बसू लागल्या, आणि पुरुषांचं ताट मुलीने वाढायला सुरुवात केली. पहिला आठवडा अवघड गेला, नंतर ते अंगवळणी पडलं. या प्रकरणात औषधांनंतर सर्वांत जास्त गुण कशाने आला असं विचारलं तर मी हा बदल सांगेन. शस्त्रक्रियेआधी रुग्णालयात वजन, साखर, हृदय, सगळं तपासतात. बाई घरात कितव्या क्रमांकाला जेवते हेही तिथेच विचारलं जावं.

बाकीचं ठरलं ते असं. लहान वाटी आणि चहाचा चमचा. एक घास तोंडातच पातळ होईपर्यंत चावायचा, गिळून झाला की चमचा खाली ठेवायचा आणि थोडं थांबायचं. जेवण वीस-पंचवीस मिनिटं चालावं. वाटी संपली नाही तरी अर्ध्या तासाने उठायचं. छातीत दाटणं, उचकी, अचानक नाकातून पाणी किंवा शिंका यातलं काही आलं की तिथेच थांबायचं, कारण ती नळी भरल्याची खूण असते. एक घास आणखी घेतला की फेस ठरलेला.

पाणी

मे महिन्यात विदर्भात पारा ४४-४५ अंशांवर जातो. मोठ्या जठराच्या माणसाने गडवाभर पाणी एका दमात प्यायलं की भागतं. ताईंना ते शक्य नव्हतं. एकदा घटाघटा प्यायल्या आणि सगळं बाहेर आलं, तेव्हापासून त्या पाण्यालाच भ्यायल्या. दिवसभरात सहा-सातशे मिलिलिटरच्या वर पाणी जात नव्हतं. लघवी गडद, बद्धकोष्ठ, उठताना अंधारी. पहिल्या महिन्यांत दीड लिटर तरी जायला हवं, उन्हात काम असेल तर जास्तच.

लिटरच्या बाटलीवर मुलीने पेनाने खुणा केल्या. दोन घोट, थांबणं, पुन्हा दोन घोट. पाऊस पडून निंदण सुरू झालं तेव्हा हिशेब आणखी सोपा झाला. एक पात, म्हणजे निंदणाची एक ओळ, संपली की धुऱ्यावर (बांधावर) ठेवलेल्या बाटलीतून दोन घोट. पातळ ताक मीठ घालून चालत होतं, साखरेचं सरबत बंद केलं. जेवताना पाणी नाही आणि जेवल्यावर अर्धा तास नाही, ही एक गोष्ट मात्र ताईंना फार जड गेली. तिखट खाऊन पाणी न पिणं वऱ्हाडातल्या माणसाला कसं जमावं? म्हणून तिखटच कमी केलं. ठेचा काही महिने बाजूला राहिला.

एकेक पदार्थ

अस्तर सुजलेलं असल्याने पहिला आठवडा पुन्हा पातळ अन्नावर काढला आणि मग पुढे सरकलो. सुरुवात ज्वारीच्या आंबिलीने केली. ताक आणि ज्वारीचं पीठ रात्रभर आंबवून शिजवलेली पातळ आंबील ताईंना लहानपणापासून ओळखीची, वास नकोसा न वाटणारी. पहिल्या दिवशी चार चमचे, चौथ्या दिवशी वाटी. ती ठरली आणि ताईंच्या चेहऱ्यावरची भीती थोडी सैल झाली. पण आंबिलीत प्रथिनं फार नसतात. वाटीत वीस ग्रॅम पीठ असेल तर जेमतेम दोन ग्रॅम. ती भरवशासाठी होती, पोषणासाठी दुसरं काही आणावं लागणार होतं.

मुगाचं घट्ट, घोटलेलं वरण चाललं. तुरीचं वरण आठवडाभराने चाललं, फोडणी कमी करून. कोरडा झुणका अडकला; पातळ बेसन अगदी सहज उतरलं, आणि बेसनात प्रथिनं चांगली असल्याने ते आठवड्यातून चारदा होऊ लागलं. उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक कोरडा, तो छातीत बसला. तेच अंडं दूध घालून, मंद आचेवर ओलसर भुर्जी करून दिलं तर गेलं. वांग्याचं भरीत साल आणि बिया काढून उत्तम गेलं, पण त्याने पोट भरतं आणि प्रथिनं मिळत नाहीत, म्हणून ते शेवटच्या दोन चमच्यांपुरतं ठेवलं. आधी वरण, अंडं, बेसन, मग भाजी, मग जागा उरली तर भाकर किंवा भात, असा ताटाचा क्रमच उलटा झाला.

सोयाबीनबद्दल थोडं वेगळं लिहायला हवं. या घराचं सोयाबीन दरवर्षी बाजार समितीत जातं आणि स्वयंपाकघरात त्याचा दाणाही नसतो. आजूबाजूच्या बहुतेक घरांत हेच आहे. सोयाच्या वडीत वजनाच्या निम्मी प्रथिनं असतात आणि ती गावच्या किराणा दुकानातही मिळते. वडी गरम पाण्यात भिजवून, दोनदा पिळून, मिक्सरमधून बारीक करून वरणात घातली. वीस ग्रॅम वडीतून दहा ग्रॅम प्रथिनं मिळाली, महागड्या डब्याशिवाय. वासासाठी थोडं आलं आणि सांबार (कोथिंबीर) घातला की ताईंना ते कळतही नसे.

दोन अंडी, दोन वाट्या दूध-दही, दुधात दोन चमचे साय काढलेल्या दुधाची पावडर, घट्ट वरण, पातळ बेसन आणि सोयाची वडी असं सहा खाण्यांत वाटलं तर दिवसाचा आकडा पंचावन्नच्या आसपास जात होता. बाजाराच्या दिवशी रोहू आला की साठ ओलांडायचा. माशाचं मांस दाताखाली सहज सुटतं, म्हणून ते कोंबडीच्या कितीतरी आधी चाललं.

भाताने फसवलं. मोकळा भात मऊ वाटतो, पण कोरडी शितं एकत्र येऊन गोळा होतात आणि आत फुगतात. गुरगुट्या, वरणात कालवलेला भात तेवढा चालला. पोळी सगळ्यात शेवटी. गव्हातलं ग्लुटेन चिकट असतं, नीट न चावलेला पोळीचा घास कणकेच्या गोळ्यासारखा बसतो. ज्वारीत ग्लुटेन नाही. भाकर वरणात कुस्करली की तिचा भुगा होतो. त्यामुळे भाकर तिसऱ्या महिन्यातच जमली, तर पोळी तेव्हा पुन्हा अडकली आणि ती आम्ही सरळ सोडून दिली. एखादा पदार्थ अडकला की दोन-तीन आठवडे त्याचं नाव काढायचं नाही आणि मग दोन चमच्यांपासून पुन्हा पाहायचं. एका वेळी एकच नवा पदार्थ, तोही दुपारी, थकवा नसताना. रात्री नवं काही नाही. मुलीने एका वहीत हे सगळं लिहून ठेवलं, आणि ‘मले पोयी चालतच नाई’ या वाक्याच्या जागी ‘जुलैत नाही चालली’ अशी नोंद आली. ताईंच्या बोलण्यातही हळूहळू तो फरक पडला. तोवर पोळी ताटात दिसली तरी त्यांना मळमळायचं. वारंवार ओकल्यावर शरीर त्या पदार्थाची भीती धरतं. आग्रहाने ती भीती वाढते, म्हणून कुणीही ‘एक घास तरी घे’ म्हणायचं नाही असं घरात ठरलं.

आषाढी एकादशीचा उपास सोडायला ताई तयार नव्हत्या. मी सोडा म्हटलंही नाही. साबुदाणा तेवढा नको म्हटलं, कारण तो चिकट गोळा होतो आणि त्यात प्रथिनं जवळजवळ नसतात. ताकातली पातळ भगर, शेंगदाण्याची आमटी आणि दही यांवर उपास झाला. औषधं आणि पाणी चुकलं नाही.

महालक्ष्म्या

भाद्रपदात घरी महालक्ष्म्या बसल्या. पाचवा महिना सरत होता आणि ताईंना पहिल्यांदाच सणाच्या ताटावर बसायचं होतं. महालक्ष्म्यांच्या नैवेद्यात आंबील असतेच. ती, कढी आणि भाज्यांचे दोन-दोन चमचे आनंदाने गेले. मग तूप घातलेलं पुरण तीन-चार चमचे खाल्लं. पंधरा मिनिटांत दरदरून घाम, छातीत धडधड, पोटात कळ, आणि थोड्या वेळाने जुलाब. घरचे घाबरले; कुणाला दृष्टीची शंका आली, कुणाला साखर उतरल्याची.

साखर मोजली, ती ठीक होती. हे डम्पिंग होतं. गोड, घट्ट अन्न जठरातून आतड्यात एकदम उतरलं की आतडं त्यात पाणी ओढून घेतं आणि अंगात ही खळबळ होते. बायपासनंतर हे जास्त दिसतं, स्लीव्हनंतरही होऊ शकतं. आडवं पडल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ते शमलं. दुसऱ्या दिवशीचा प्रसाद म्हणून ताईंनी पुरण बोटाच्या टोकाएवढं, जेवणाच्या शेवटी घेतलं. तेवढं चाललं, आणि श्रद्धेलाही बाध आला नाही.

गोळ्यांचं वेळापत्रक पाळायला सणापेक्षा अवघड गेलं. कॅल्शियम सायट्रेट दिवसातून दोनदा, लोह त्याच्यापासून दोन तास दूर आणि चहापासूनही दूर, मल्टिव्हिटॅमिन वेगळं, बी-१२चं इंजेक्शन महिन्यातून एकदा. मल्टिव्हिटॅमिन यजमान जिल्ह्याच्या ठिकाणाहून तीन महिन्यांचं एकदम आणू लागले. चौथ्या-पाचव्या महिन्यात केस मूठमूठ गळले तेव्हा ताई फार खचल्या. झपाट्याने वजन उतरल्यावर ते होतं आणि बहुतेकांत थांबतं, पण लोह आणि प्रथिनं कमी असतील तर लांबतं, हे समजल्यावर अंड्याला नाही म्हणणं कमी झालं.

वर्षाच्या शेवटी

वर्षभराने वजन ७० किलो. हिमोग्लोबिन ११.२, अल्ब्युमिन ३.८. एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी) ६.१, मधुमेहाच्या गोळ्यांशिवाय. घोरणं गेलं, गुडघे सुसह्य. पोळी सातव्या महिन्यात जमली; ताजी, मऊ, चतकोर, वरणात भिजवून. फेस आता महिन्यातून एखाद्या वेळी येतो आणि कारण ताईच सांगतात, बहुधा घाई.

सगळं सुटलेलं नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत ताई सकाळी सातला घर सोडतात, डब्यात दही-भाकरीचा काला नेतात, आणि प्रथिनं चाळीस-पंचेचाळीसवर घसरतात. संध्याकाळी थकून आल्यावर हात अजून चिवड्याच्या डब्याकडे जातो. भूक हळूहळू परतते आहे, आणि नळीही थोडी सैल होत जाते. या टप्प्यावर मला उलटीपेक्षा चिवड्याची काळजी जास्त वाटते. नागपूरची फेरी दीडशे किलोमीटरच्या वर पडते, म्हणून तिथल्या दोन तपासण्या चुकल्या. आता रक्त तालुक्यातच घेऊन अहवाल फोनवरून पाठवायचं ठरलं आहे. पाणीही चोवीस तास ठरलं नाही, लघवी कमी झाली, एकाचे दोन दिसले, तोल गेला किंवा शौच काळी झाली तर वाट न पाहता निघायचं, हे यजमानांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलं आहे. कुठेही सलाईन लावायची वेळ आली तर शस्त्रक्रियेचं आणि थायमिनचं आधी सांगायचं, तेही त्याच पानावर आहे.

मटण अजून अडकतं. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), ड जीवनसत्त्व आणि पॅराथायरॉइड (कॅल्शियम सांभाळणारं संप्रेरक) यांची तपासणी पुढच्या महिन्यात आहे. ती झाली की खिम्यापासून पुन्हा सुरुवात करू, दोन चमचे, दुपारच्या जेवणात.